वस्तीची तब्येत कशी मोजायची?



दरवर्षी या पुस्तिकेत मदतनिधीच्या हिशेबाचे एक पान असते. किती पाउंड जमले, गिफ्ट एडचे पाउंडामागे २५ पेन्स धरून किती झाले, मुंबईला किती पाठवले, आणि गोवंडीत आपल्या मदतीवर चालणाऱ्या बालदवाखान्यात वर्षभरात किती मुले तपासली गेली. हा शेवटचा आकडा दरवर्षी वाढतो, तो वाचून दाखवला की टाळ्या पडतात. गेल्या वर्षीही पडल्या. मग मध्यंतरात, बटाटेवड्याच्या रांगेत, एक काकू आमच्यापैकी एकाला म्हणाल्या, "अरे, पोरं किती आली ते कळलं. आली नाहीत ती किती?"

काकूंचे सगळे आयुष्य इथे हेल्थ व्हिजिटर म्हणून घरोघर जाऊन बाळांची वजने करण्यात गेले. त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. रुग्णांची संख्या वाढली म्हणजे दवाखाना चांगला चाललाय, की वस्तीत आजार वाढलेत? की तीच मुले पुन्हा पुन्हा येताहेत? कमिटीने मग आम्हा चौघांना (दोन डॉक्टर, एक अकाउंटंट, एक शाळेतल्या बाई) कामाला लावले: एखाद्या वस्तीचे आरोग्य आणि राहणीमान सुधारतेय की नाही हे ओळखायचे कसे, ते शोधा आणि सभासदांना समजेल अशा मराठीत लिहा. तोच हा लेख. जरा लांबलाय, पण पुस्तिका घरी न्यायचीच असते.

आधी आपल्याच शहरातले

लंडनमध्ये सोहोला जेवायला आपण सगळेच जातो. तिथल्या ब्रॉडविक स्ट्रीटवर पाण्याच्या जुन्या पंपाची एक प्रतिकृती उभी आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर या भागात कॉलऱ्याची साथ आली आणि तिने एकूण ६१६ माणसे नेली. त्या काळी बहुतेकांचे मत होते की रोग दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो. डॉ. जॉन स्नो यांचे म्हणणे होते की दोष पाण्यात आहे. त्यांनी मृत्यूंची घरे शोधून काढली, ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली दिसली आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढून ठेवण्यात आला. इथपर्यंतची गोष्ट डॉक्टर मंडळींना पाठ असते. (साथ तोवर ओसरू लागलीच होती, हेही खरे.)

आम्हाला मात्र या गोष्टीतली न मेलेली माणसे जास्त महत्त्वाची वाटली. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण त्यांना प्यायला बिअर मिळायची. पोलंड स्ट्रीटच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात पाचशेच्या वर माणसे राहत होती, त्यातली फक्त पाच गेली, कारण आश्रमाची स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणाऱ्या एक विधवा बाई गेल्या. त्यांना म्हणे याच पंपाचे पाणी आवडायचे, म्हणून त्या ते मुद्दाम मागवून घेत! फक्त दवाखान्यात आलेले रुग्ण मोजले असते तर यातले काहीच हाती लागले नसते.

दुसरे म्हणजे, स्नोंचे म्हणणे पुढे पक्के केले ते हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्याच तरुण पाद्र्याने. तो निघाला होता स्नोंना चूक ठरवायला. पण वस्तीतली घरे, माणसे, कोण कुठे हललं, सगळे त्याला ठाऊक. एकाच दारावर तो चार-चारदा गेला आणि शेवटी ४० नंबरच्या घरातल्या एका तान्ह्या मुलीपाशी पोचला. तिचे दुपटे धुतलेले पाणी ज्या मैलाखड्ड्यात ओतले, तो विहिरीला लागूनच होता. बाहेरून आलेल्या डॉक्टरला ही गोष्ट कोणी सांगितली असती का, शंकाच आहे.

त्यानंतर तीसेक वर्षांनी चार्ल्स बूथ या जहाजकंपनीच्या मालकाने पदरच्या पैशाने लंडनच्या गरिबीची पाहणी सुरू केली. १८८६ ते १९०३ अशी सतरा वर्षे ती चालली. गल्लीगल्लीला त्याने रंग दिला: श्रीमंतांना पिवळा, मग लाल, गुलाबी, जांभळा, फिका निळा, गडद निळा आणि तळाला काळा. शहरातली ३०.७ टक्के माणसे गरिबीत आहेत असा त्याचा निष्कर्ष निघाला. हे नकाशे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने जपले आहेत, आपली गल्ली शोधून पाहाच. काम थोरच, पण दोन गोष्टी आम्हाला खटकल्या. काळ्या रंगाच्या गल्लीतली माणसे केवळ गरीब नव्हे तर दुर्गुणी आणि अर्धवट गुन्हेगार, असे त्याने सरळ लिहून ठेवले. मोजता मोजता माणूस न्यायाधीश कधी होतो ते कळत नाही. आणि त्याची बरीचशी माहिती आली ती शाळेत न येणाऱ्या मुलांचा तपास करणाऱ्या निरीक्षकांकडून. म्हणजे ज्या घरात शाळेच्या वयाचे मूल नाही, ती घरे अंदाजाने धरलेली. एकटी म्हातारी माणसे, नुकती लग्न झालेली जोडपी वहीत नाहीतच. काकूंचा प्रश्न तिथेही लागू पडतो!

हल्ली इंग्लंडमध्ये साधारण दीड हजार वस्तीचा एकेक तुकडा पाडून त्याची वंचितता मोजतात. उत्पन्न, रोजगार, शिक्षण, आरोग्य, गुन्हे, घरे व सेवा, आणि परिसर अशी सात अंगे. उत्पन्न आणि रोजगाराला प्रत्येकी २२.५ टक्के वजन, आरोग्याला १३.५. हे वजन कोणीतरी बसून ठरवलेले असते, ते आकाशातून पडत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

एकोणचाळीस या आकड्याची गोष्ट

आता गोवंडीकडे. मुंबई महापालिकेच्या वॉर्डांपैकी एम-पूर्व वॉर्डात गोवंडी, देवनार, शिवाजीनगर, बैंगणवाडी, मानखुर्द, चीता कॅम्प, ट्रॉम्बे हा सगळा भाग येतो. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. आजचे लीड्स शहर साधारण एवढेच. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे, कत्तलखाना १९७१ चा. शहराला नको असलेली प्रत्येक गोष्ट इथे आणून टाकली गेली, आणि नको असलेली माणसेसुद्धा. चीता कॅम्प वसला तो १९७६ साली, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवल्यावर.

२००९ साली महापालिकेने मुंबईचा मानव विकास अहवाल काढला. त्यात हा वॉर्ड सगळ्यात शेवटी होता. अख्ख्या मुंबईचा निर्देशांक ०.५६ आणि या वॉर्डाचा ०.०५. अर्भक मृत्युदर, म्हणजे जन्मलेल्या हजार बाळांपैकी पहिल्या वाढदिवसाआधी दगावणारी बाळे, ६६ च्या आसपास. त्या सुमारास इंग्लंडमध्ये तो ५ होता. आणि मृत्यूच्या वेळचे सरासरी वय ३९.

हा ३९ चा आकडा मग वर्तमानपत्रांतून, भाषणांतून फिरला. आम्हीही आमच्या एका जुन्या आवाहनात लिहिले होते, "गोवंडीत माणूस सरासरी ३९ वर्षेच जगतो." चेकही चांगले आले. पण वाक्य चुकीचे होते, आणि ते इथे कबूल करायलाच हवे.

का चुकीचे? आपलेच मंडळ घ्या. सत्तरच्या दशकात सगळे सभासद तिशीतले. त्या काळी कोणी गेले तर अपघाताने नाहीतर एखाद्या दुर्धर आजाराने, ऐन तारुण्यात. तेव्हा मृतांचे सरासरी वय काढले असते तर पस्तीस-चाळीस आले असते. आज निघेल ऐंशीच्या पुढे. म्हणून काय सत्तरच्या दशकात मंडळी अल्पायुषी होती आणि आता गुडघ्यांची ऑपरेशने करून एकदम चिरंजीव झाली? तसे नाही. तेव्हा मंडळात म्हातारे नव्हतेच, मग म्हातारपणी मरणार कोण! गोवंडीतही कामासाठी आलेली तरुण माणसे खूप, मुले खूप. थकलेली माणसे बऱ्याचदा गावी परत जातात आणि त्यांचे मरण गावच्या दप्तरात लागते. त्यामुळे वॉर्डाच्या यादीत तरुण आणि बाळेच जास्त दिसणार.

सरासरी आयुर्मान ही वेगळी गोष्ट आहे. ते काढताना प्रत्येक वयोगटात जिवंत किती आणि त्यातले गेले किती, हे प्रमाण आधी काढतात, मग जुळवतात. म्हणून त्याने दोन भागांची तुलना करता येते. जुबिली लाईनबद्दल आपण ऐकले असेल: वेस्टमिन्स्टरहून पूर्वेला कॅनिंग टाउनपर्यंत आठ स्टेशने, आणि २००० च्या दशकातल्या आकड्यांनुसार दर स्टेशनामागे पुरुषांचे आयुर्मान जवळजवळ वर्षाने कमी. ती तुलना आयुर्मानाची होती, म्हणून टिकली.

आता कोणी म्हणेल, म्हणजे गोवंडीचे दुःख अतिशयोक्त? मुळीच नाही. त्या ३९ मध्ये बाळांचे मृत्यू मिसळलेले आहेत आणि ते खरेच आहेत. पण वस्ती तरुण असणे आणि वस्ती आजारी असणे अशा दोन गोष्टी एका आकड्यात कालवल्या की औषध कशावर द्यायचे ते कळत नाही. तसेच ०.०५ चे. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत सर्वांत तळाचा देशही ०.३ च्या वर असतो, मग गोवंडी त्याहून वाईट? वॉर्डाची मोजपट्टी आणि देशाची मोजपट्टी एक नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय याच वॉर्डात अणुशक्तीनगरसारखी झाडाझुडपांची, शाळा-हॉस्पिटलची वसाहतही आहे. वॉर्डाची सरासरी काढताना ती वसाहत आणि डम्पिंगच्या भिंतीलगतची झोपडी एकाच पिशवीत जातात.

जाता जाता एक. असे निर्देशांक बनवण्याच्या खटपटीत मुंबईचाही एक धागा आहे. १९७९ साली साक्षरता, अर्भक मृत्युदर आणि वयाच्या पहिल्या वर्षानंतरचे आयुर्मान या तीन गोष्टींची सरासरी घेऊन राहणीमानाचा निर्देशांक मांडणारे मॉरिस डी. मॉरिस हे मूळचे मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या कामगारांचे इतिहासकार. १९९० चा मानव विकास निर्देशांक नंतरचा.

माहेर

मग आम्ही आमच्या मदतीच्या चार गल्ल्यांचा अर्भक मृत्युदर काढायचा ठरवला आणि लगेच अडलो. समजा तिथे वर्षाला तीस बाळे जन्मली. एक दगावले की दर हजारी ३३. दोन गेली की ६७. एकही नाही, तर शून्य. आमच्या अकाउंटंटच्या भाषेत, एवढ्या लहान खात्यावर टक्केवारी लावूच नये! पुढल्या वर्षी शून्य आला तर ते आपले यश नव्हे, आणि ६७ आला तर अपयशही नव्हे.

दुसरी अडचण आमच्या शाळेतल्या बाईंनी काढली. पहिलं बाळंतपण माहेरी. सोलापूर, जालना, नाहीतर उत्तर प्रदेशातले एखादे गाव. मूल जन्मले तिथे, नोंद तिथे, आणि देव न करो, गेले तरी नोंद तिथेच. किंवा शेवटच्या घटकेला सायनच्या हॉस्पिटलात नेले तर नोंद त्या भागात. गल्लीच्या वहीत त्या बाळाचा ना जन्म, ना मृत्यू. आई तीन महिन्यांनी परत येते, मूल कडेवर असले तर दिसते. नसले तर कोणी विचारत नाही.

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवराची साथ आली, तिची सुरुवात गोवंडीतच झाली आणि तिथली मुले गेली. गोवर थोपवायला शंभरातल्या सुमारे ९५ मुलांना लस लागते. वॉर्डाची टक्केवारी ठीक दिसत असली तरी लस न मिळालेली मुले वॉर्डभर सारखी पसरलेली नसतात. ती तीन-चार गल्ल्यांत एकवटलेली असतात. गोवर टक्केवारी वाचत नाही, त्या गल्ल्या शोधतो.

म्हणून या जानेवारीत आमच्यातले दोघे सुट्टीत मुंबईला गेले असता स्थानिक कार्यकर्त्या तायांबरोबर चारही गल्ल्यांत दारोदार फिरले. मग कळले ते असे. दवाखाना सकाळी १० ते १. पुढच्या दोन गल्ल्यांतली मुले नियमित येतात, काही तर सर्दीलाही. नाल्याच्या बाजूच्या मागच्या गल्लीतल्या बायका त्या वेळात जरीकामाला बसलेल्या असतात नाहीतर कचरा निवडायला गेलेल्या. तिथली मुले जवळजवळ आलेलीच नव्हती. आपला आकडा वाढत होता तो आधीच जवळ असलेल्यांचा. चूक आमची. कार्यकर्त्यांनी वेळ बदलू का म्हणून दोनदा विचारले होते, आम्ही "संख्या चांगली आहे, कशाला बदलता" असे उत्तर पाठवले होते.

मग मोजायचे काय?

हे आम्ही बायकांनाच विचारले. याला मुंबईत जुनी परंपरा आहे. १९८५ साली पदपथावरच्या झोपड्या हटवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा 'स्पार्क' या संस्थेने पदपथावरच्या रहिवाशांना बरोबर घेऊन सुमारे ६ हजार कुटुंबांची गणती केली. सरकारी खानेसुमारीत ही कुटुंबे दिसतच नव्हती. त्या गणतीच्या अहवालाचे नावही 'वुई द इनव्हिजिबल'. त्यातूनच पुढे 'महिला मिलन' उभे राहिले.

मागच्या गल्लीतल्या बायकांनी आमच्या तयार प्रश्नावलीकडे फारसे लक्ष दिले नाही. त्यांची यादी वेगळी होती. पाणी किती वाजता येते आणि विकत किती घ्यावे लागते. रात्री शौचालयाला जायला भीती वाटते का. कचरा जळल्याचा धूर आठवड्यातून किती रात्री घरात येतो. मुलगी शाळेतून घरी पोचेपर्यंत जिवाला घोर. आम्ही डॉक्टर म्हणून आधी मनात म्हटले, यात आरोग्य कुठे आहे? नंतर लाज वाटली. रात्री जायला नको म्हणून बाई संध्याकाळपासून पाणीच पीत नाही, मग लघवीचा त्रास घेऊन दवाखान्यात येते. आम्ही गोळ्या देतो आणि एक रुग्ण वाढला म्हणून नोंद करतो!

असेच उदाहरण मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडचे आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडचे. पुनर्वसनाच्या या इमारती तीन-तीन मीटरवर उभ्या. २०१८ मध्ये पुढे आलेल्या पाहणीत खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला, कारण तिथे ना ऊन पोचते ना वारा. इमारतींत मोकळी जागा सोडलेल्या जवळच्याच दुसऱ्या वसाहतीत तो पुष्कळ कमी होता. झोपडीतून पक्क्या घरात गेले म्हणजे राहणीमान सुधारले, असे कागदावर दिसते. खिडकीसमोर किती आकाश दिसते, हेही तिथे मोजावे लागले.

पाण्याचेही तेच. मुंबईत झोपडपट्टीला माणशी दिवसाला ४५ लिटर आणि इमारतींना १३५ लिटर असे प्रमाण पालिकेने धरलेले. प्रत्यक्षात ४५ तरी मिळते का, हे हंडे मोजल्याशिवाय कळत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की घर बेकायदा आहे म्हणून पाणी नाकारता येणार नाही. आपण पाण्याची लाईन टाकू शकत नाही, हे मान्य. पण हंड्यांची नोंद वहीत असली तर बायका ती घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊ शकतात, आणि त्यांना नेमके तेच हवे आहे.

तर यंदापासून चार गल्ल्यांतल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचे नाव एका वहीत, माहेरी जन्मलेल्यांसकट. दर तीन महिन्यांनी दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजायचा. सहा महिने ते पाच वर्षे वयात तो १२.५ सेंटिमीटरच्या खाली असला तर मूल कुपोषित, ११.५ च्या खाली तर तातडीने हलवायचे. पट्टीला काही पैसे पडत नाहीत, वजनकाट्यासारखी बिघडतही नाही. गोवराचे दोन्ही डोस वेळेवर झाले का: पहिला ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. आणि बायकांच्या यादीतले पाणी, भीती, धूर हे तीन प्रश्न, त्यांनीच विचारलेले आणि त्यांनीच लिहिलेले. वही तिथेच राहणार, आपल्याला फक्त नावे झाकलेली प्रत मिळणार.

दवाखाना सकाळी तीनच दिवस राहील. उरलेल्या पैशात संध्याकाळी ५ ते ८ मागच्या गल्लीत ताया फिरतील. त्यामुळे पुढच्या वर्षी 'तपासलेली मुले' हा आकडा कमी होणार, बहुधा बराच. काही देणगीदारांना ते आवडणार नाही याची आम्हाला कल्पना आहे, कमिटीतही यावर दोन मीटिंगा वादावादीत गेल्या. शेवटी ठरले ते असे, की हिशेबाच्या पानावर पहिली ओळ 'यादीत असून न पोचलेली मुले' ही असेल आणि ती स्टेजवरून वाचली जाईल.

आता एक विनंती. वहीची पाने मराठी आणि हिंदीत, हाताने लिहिलेली असतील. ती वाचून कॉम्प्युटरवर चढवायला महिन्यातले दोन रविवार देणारी माणसे हवी आहेत. आमची मुले कॉम्प्युटरला तयार आहेत पण देवनागरी हस्ताक्षर पाहून डोके धरतात, तेव्हा निवृत्त मंडळींनी पुढे यावे. काकूंनी पहिले नाव दिलेच आहे. चहाच्या टेबलाशेजारी कागद ठेवला आहे.